काशाची वाटी

बाबांचं एकट्याचं म्हणावं असं व्हिडिओ शूटिंग आयुष्यात एकदाच झालं, तेही रुग्णालयात. औषधाच्या चाचणीत भाग घेणाऱ्या माणसाने समजून-उमजून संमती दिली आहे, याचा पुरावा म्हणून सगळं बोलणं कॅमेऱ्यात टिपून ठेवायचा नियम तेव्हा नुकताच आला होता. आईने त्यासाठी त्यांचा मोतिया रंगाचा शर्ट कडक इस्त्री करून आणला होता. कॅमेरा सुरू व्हायच्या आधी तिने पर्समधून कंगवा काढला आणि डॉक्टरांसमोर त्यांचा भांग नीट केला.

"मला दाखवायला आणलंय का?" बाबा म्हणाले.

डॉक्टर हसले. आई हसली नाही. कॅमेऱ्यासमोर केस विस्कटलेले असले तर आत घेणार नाहीत, अशी तिला खरोखरच भीती वाटत असावी.

बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तपासणी विभागात होते. सगळी नोकरी तिथेच झाली आणि माझं लहानपण तिथल्या क्वार्टर्समध्ये गेलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी धायरीला फ्लॅट घेतला. शहर पसरत तिकडे येणार, हे त्यांनी आधीच ओळखलं होतं. पाणी येणार नाही, हे मात्र ओळखलं नव्हतं. मी हिंजवडीला एका कंपनीत होते आणि लग्न केलेलं नव्हतं. त्यामुळे माझ्याकडे भरपूर वेळ असतो, यावर सगळ्या नातेवाइकांचं एकमत होतं.

माझं कामही औषधांच्या चाचण्यांचंच. परदेशातल्या औषध कंपन्या चाचण्या करत, त्यातल्या रुग्णांच्या तक्रारी आमच्याकडे पडद्यावर येत आणि आम्ही त्या ठरलेल्या वैद्यकीय शब्दांमध्ये बसवत असू. कुणीतरी कुठेतरी म्हणालेलं असे, की पायाखाली निखारे ठेवल्यासारखं वाटतं. मी त्याचं 'तळव्यांची आग' करून पुढच्या ओळीकडे वळायची. बाबांच्या चाचणीशी आमच्या कंपनीचा संबंध नव्हता. पण या कामाने एक सवय लावली होती. कुणी दुखतंय म्हटलं, की आधी ते कुठल्या रकान्यात जाईल हे माझ्या डोक्यात यायचं आणि वाईट नंतर वाटायचं. बाबांच्या आजारात या सवयीचा मला उपयोगच झाला.

त्यांना यकृताचा कर्करोग होता. दारूशी त्यांचा संबंध कारखान्यापुरता. पण हे सोसायटीत प्रत्येकाला वेगळं समजावून सांगावं लागायचं. तरुणपणी झालेली एक कावीळ अंगात राहून गेली होती, ती इतक्या वर्षांनी वर आली. कळलं तेव्हा गाठ शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेली होती. अशा रुग्णांना द्यायची एक गोळी तेव्हा होती. तिने गाठ जात नसे, काही काळ थोपून राही. नवी चाचणी होती ती या गोळीला दुसऱ्या एका गोळीची जोड द्यायची. दोन्ही नेम धरून काम करणाऱ्या. पहिली गाठीचा रक्तपुरवठा अडवणार, आणि पेशींना वाढायला सांगणारा जो दुसरा निरोप असतो तो दुसरी अडवणार.

बाबांनी हे तळमजल्यावरच्या काकूंना धायरीच्या भाषेत समजावलं. "एक नळ बंद केला की ती गाठ टँकर मागवते. आता टँकरही अडवून बघायचा." आमची बिल्डिंग काकूंच्याच शेतावर उभी होती आणि टँकरचा धंदा त्यांच्या थोरल्या मुलाचा होता. काकूंना लगेच पटलं.

कॅमेऱ्यासमोर डॉक्टरांनी सगळं मराठीत सांगितलं. पहिली गोळी सगळ्यांना खरी मिळेल. दुसरी मात्र निम्म्या लोकांना खरी आणि निम्म्यांना नुसती, म्हणजे आत काहीच औषध नसलेली. कुणाला कुठली, हे डॉक्टरांनाही माहीत नसणार. मग त्यांनी विचारलं, "आपल्याला काही शंका?"

"नापास कशाला म्हणायचं?" बाबांनी विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "गाठ ठरावीक प्रमाणाबाहेर वाढली तर. किंवा आपल्याला औषध सोसलं नाही तर. मग गोळ्या थांबवाव्या लागतात, कमी कराव्या लागतात. कधी कधी चाचणीतून बाहेर काढावं लागतं."

"ठीक आहे," बाबा म्हणाले आणि सही केली.

घरी येताना गाडीत त्यांनी आईला आपल्या परीने समजावलं. कारखान्यात तयार मालाच्या प्रत्येक लॉटमधून थोडे राउंड काढून उडवून बघायचे. उडवलेले परत पेटीत येत नाहीत, पण त्यांच्यामुळे बाकीच्यांचं कळतं.

"तुम्ही काय पेटीतला माल आहात?" आई म्हणाली. "आणि आजारी माणसाला खोटी गोळी कशी देववते यांना?"

"आमच्याकडेही असायचे की खोटे राउंड, शिकवण्यापुरते. आत दारू नाही, बाहेरून डिट्टो."

"तुम्हाला खरीच मिळणार," आईने ठरवून टाकलं. नातेवाइकांनी कारखाना आणि गोळ्यांवरून जे विनोद करायचे ते पहिल्या आठवड्यात करून घेतले. मग गोळ्या सुरू झाल्या.

त्या काळात आमच्या घरातलं सगळं बोलणं एकाच प्रश्नाभोवती फिरायचं, की बाबांना औषध सोसतंय ना. गाठीचं काय चाललंय ते दोन महिन्यांनी स्कॅनमध्ये दिसणार होतं. सोसतंय की नाही, ते रोज दिसत होतं. जेवण कमी झालं, जुलाब होऊन थांबले, आवाज बसला. चाचणीचं काम बघणारी एक समन्वयक मुलगी होती, तिला बाबा प्रत्येक गोष्ट फोनवर सांगत. वाढवून नाही, कमी करूनही नाही. आईला हे आवडायचं नाही. कशाला सगळं सांगता, काढून टाकतील, असं ती खालच्या आवाजात म्हणायची. बाबांचं उत्तर ठरलेलं होतं. "चुकीचं कारण लिहिलं गेलं की अख्ख्या लॉटचा निकाल चुकतो."

पहिला स्कॅन चांगला आला. गाठ होती तेवढीच होती. डॉक्टरांनी तो फोटो आम्हाला दाखवला. मला त्यात काहीच कळलं नाही, पण त्यांचा चेहरा कळला. आईने बुधवार पेठेतल्या गणपतीला जाऊन पेढे ठेवले. त्या आठवड्यात मी ऑफिसात विनाकारण सगळ्यांशी चांगली वागत होते.

मग तळव्यांची आग सुरू झाली. ही पहिल्या गोळीची नेहमीची तक्रार. हातापायांचे तळवे लाल होतात, हुळहुळतात, जपलं नाही तर फोड येतात. समन्वयक मुलीने सुरुवातीलाच एक सूचनांचा कागद दिला होता. बाहेरच्या देशातल्या कागदाचं ते मराठी रूपांतर होतं. घट्ट बूट घालू नका, गरम पाण्यात भांडी धुऊ नका, धावू नका, नाचू नका. बाबांनी तो मोठ्याने वाचून दाखवला आणि म्हणाले, "नाचणं आजपासून बंद."

ज्यांनी तो कागद लिहिला, त्यांनी काशाच्या वाटीचं नाव ऐकलेलं नव्हतं. आमच्याकडे तळव्यांची आग म्हटलं की दुसरं काही सुचतच नाही. पायाला तूप लावायचं आणि काशाच्या वाटीच्या बुडाने तळवा घासत राहायचं. थोड्या वेळाने तूप काळं पडतं. जितकं काळं, तितकी उष्णता निघाली, असा हिशेब. ते काळं धातूचं असतं हे मी शाळेत असताना आईला एकदा सांगितलं होतं. ती म्हणाली होती, "मग झोप कशी लागते?" आणि झोप खरंच लागायची.

आईची वाटी तिच्या लग्नातली होती, जाड बुडाची, हातात जड लागणारी. खडकीला असताना बाबा दिवसभर उभ्याने काम करून यायचे, तेव्हा ती त्यांचे पाय चोळून द्यायची. बाबा वर्तमानपत्र वाचत बसायचे, आई खाली पाटावर. दोघं एकमेकांशी फारसं बोलायची नाहीत, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. पण वाटी फिरत असायची. माझ्या आईवडिलांमधलं प्रेम मी पाहिलं असेल तर तेवढंच.

काकूही वर येऊन सांगून गेल्या. "वहिनी, औषधाची गरमी हाय ती. तळव्याला उतरती. वाटीनं काढा." आईला सांगायची गरज नव्हती. तिने आधीच फडताळातून वाटी काढली होती. संध्याकाळी बाल्कनीत जुना पेपर पसरायचा, बाबांचा पाय मांडीवर घ्यायचा आणि घासायला लागायचं. आग वाढली तशी ती जोर लावायला लागली. बाबा ओठ घट्ट मिटून बसायचे. मी कंपनीच्या बसने घरी पोहोचेपर्यंत हे सगळं उरकलेलं असायचं. मला फक्त तुपाचा वास यायचा.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी मोजे काढायला लावले. दोन्ही तळव्यांना फोड होते, काही फुटलेले. टाचेला, चवड्याला तर होतेच, पण मधल्या खोलगट भागातही होते. आई तेव्हा बाहेर बाकावर बसली होती. तपासणीच्या खोलीत एका वेळी एकच नातेवाईक, असा नियम होता आणि वैद्यकीय शब्द समजतात म्हणून तो मान माझा होता.

"हातांना एवढं नाही," डॉक्टर म्हणाले. "पायांना फार आहे. आणि इथे, या खळग्यात, सहसा येत नाही. वजनच पडत नाही तिथे. काही घासता का तुम्ही? काही लावता?"

मला त्या क्षणी सगळं कळलं. बाबांनाही कळलं, ते मला त्यांच्या मानेवरून दिसलं. घासल्याने हे फोड वाढतात. घट्ट बूट नको, धावणं नको, नाचणं नको, हे सगळं त्याचसाठी होतं. बाबांनी बंद दाराकडे पाहिलं.

"देवळात जातो," ते म्हणाले. "टेकडीवरच्या. अनवाणी."

बाबांना देवळाच्या आत मी कधी पाहिलेलं नव्हतं. आईला घेऊन गेले तरी ते बाहेर चपला सांभाळत उभे राहायचे.

"अहो, एवढं सांगून अनवाणी?" डॉक्टर वैतागले. "खडे, दगड... काय हे! आता गोळ्या थांबवाव्या लागतील. जखमा भरल्या की कमी डोसवर सुरू करू." कमी डोसवर गाठ तशीच थोपून राहील का, असं मी विचारलं. "बघू," ते म्हणाले. त्या शब्दाला माझ्या कामात कुठलाच रकाना नव्हता.

बाहेर आलो तेव्हा आई चहा आणायला कँटीनकडे गेली होती. मी बाबांना विचारलं, "वाटीचं का नाही सांगितलंत?"

"तिला आत बोलावलं असतं. विचारलं असतं, किती दिवस, किती जोरात. कॅमेरा लावला असता म्हणालीस तरी खरं वाटेल मला."

"चुकीचं कारण लिहिलं गेलं ना पण."

ते बाकावर सावकाश बसले. पायाला फडकं गुंडाळलेलं होतं. "चुकीचं कुठे? औषधावर आळ घातला नाही मी. घासण्याने झालं, घासण्यावरच लिहिलंय. पायाखाली दगड होता का वाटी, एवढाच फरक." मग कँटीनच्या दिशेने बघत म्हणाले, "हे घरी बोलायचं नाही. तिला आयुष्यभर पुरेल."

आई चहाचे कप सांभाळत येत होती. मी हो म्हटलं.

त्या संध्याकाळी ती पेपर पसरून बसली. गोळ्या थांबल्यात म्हणजे आता उष्णता काढायची ही चांगली संधी, असं तिचं म्हणणं होतं. बाबांनी पाय वर घेतले. "नको. तुपाचा वास सहन होत नाही."

"मग खोबरेल लावते."

"नको."

"नुसतीच फिरवते, हलक्या हाताने—"

"नको म्हटलं ना. पायाला हात लावू नकोस माझ्या."

वेगळं कारण सुचलं नसणार त्यांना. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस दुसऱ्याच वाक्याला अडकतो. आईने पेपरची घडी घातली, वाटी पुसली आणि फडताळात सगळ्यात वरच्या फळीवर, जिथे तिचा हात जेमतेम पोहोचायचा, तिथे ठेवून दिली. मी माझ्या खोलीत गेले. मला बाबांचा राग आला होता आणि त्यांच्याबद्दल इतकी माया कधी वाटली नव्हती, हेही खरं.

जखमा भरल्या. गोळ्या कमी करून सुरू झाल्या. समन्वयक मुलीने दिलेलं मलम बाबा स्वतःच वाकून पायांना लावायचे. पोटात पाणी धरायला लागल्यावर त्यांना वाकता येईना, तेव्हा ते मला सांगायचे. आई स्वयंपाकघरातून बघायची. तिने पुन्हा कधी विचारलं नाही. पुढच्या एका स्कॅनमध्ये गाठ वाढलेली दिसली आणि नियमाप्रमाणे बाबा चाचणीतून बाहेर पडले. डॉक्टरांनी त्यांचे आभार मानले. कमी डोसमुळे हे झालं का, असं मी नंतर त्यांना एकदा एकटीने गाठून विचारलं होतं. या आजारात तेवढ्याने एवढा फरक पडत नाही, गाठीने वाट शोधलीच असती, असं ते म्हणाले. मी ते खरं मानायचं ठरवलं आणि अजून मानते. दिवाळीच्या थोडं आधी बाबा गेले.

आई सावरली, पण भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती एकच गोष्ट सांगायची. "त्या दुसऱ्या गोळीने ते बदलले हो. स्वभावच बदलला. शेवटी शेवटी माझा हात नकोसा झाला होता त्यांना. औषधच तसं होतं, त्यांचा काय दोष." लोक मान डोलवायचे. मी चहा ठेवायला उठायची. तिला टेकायला ती दुसरी गोळी होती, तोवर मला बोलायचं कारण नव्हतं.

पुढे बऱ्याच काळाने एका रविवारी त्या समन्वयक मुलीचा फोन आला. चाचणी संपली होती, कुणाला काय मिळालं ते उघड केलं होतं. तुम्हाला जाणून घ्यायचंय का, असं तिने विचारलं. मी हो म्हटलं. बाबांची दुसरी गोळी नुसती होती. आत दारू नाही, बाहेरून डिट्टो. बाबा असते तर त्यांना हसू आलं असतं, असं वाटून मीही हसले. आई समोर बसून मोड आलेले वाल सोलत होती.

"कुणाचा फोन?"

ही बातमी दाबून ठेवावी, असं माझ्या मनात आलं नाही. मी सांगून टाकलं.

"काहीच नव्हतं तिच्यात?"

"काहीच नाही."

ती वालाचं साल बोटांत धरून बसली. "म्हणजे स्वभाव औषधाने नाही बदलला."

मी फोन बाजूला ठेवला.

"म्हणजे तो राग त्यांचाच होता," ती म्हणाली. "एवढ्या वर्षांचा साठलेला असेल." आणि तिचं तोंड असं झालं, की ते बघवेना.

बाबांना शब्द दिला होता. पण तो त्यांनी ज्याच्यासाठी घेतला, तेच आता समोर मोडून पडत होतं. मी तिला सगळं सांगितलं. फोड का वाढले, डॉक्टरांनी काय विचारलं, बाबांनी दाराकडे कसं बघितलं, काय सांगितलं.

"देवळात?" ती म्हणाली. "हे?"

"अनवाणी."

आई हसली. हात ओले होते, म्हणून तिने मनगटानेच डोळे पुसले. आपल्यामुळे त्यांचं औषध थांबलं, हे आता ती म्हणेल आणि मग मी काय बोलायचं, याची मी मनात जुळवाजुळव करत होते.

"राग नव्हता म्हणजे," ती म्हणाली.

"नव्हता."

तिने एक वाल सोलून वाडग्यात टाकला.

"चोळायचं नाही, एवढंच होतं ना? मग सांगायचं की मला. मी नुसता हात ठेवून बसले असते."